कॅमेरा फिरवणारा दांडा

मित्रांनो, मला सगळे दांडा म्हणतात. मी आता बराच जुना झालो आहे. करड्या रंगाची एक पत्र्याची पेटी, तिच्या मधोमध वीतभरही नसलेली काळी दांडी आणि शेजारी गोल फिरणारे एक बटण, एवढाच माझा संसार. दांडी डावीकडे ढकलली की दूर खांबावर बसलेला कॅमेरा डावीकडे वळायचा. पुढे ढकलली की तो मान वर करायचा, मागे ओढली की खाली बघायचा. बटण फिरवले की त्याला लांबचे जवळ दिसायचे.

मला डोळे नाहीत. मी जे सांगणार आहे ते कानांवर आलेले आणि हातांनी मला कळवलेले आहे. माझ्यावर ठेवलेला हात निवांत आहे की घाबरलेला, हे मला लगेच समजते. पण बघण्याचे सुख मला कधी मिळाले नाही. ते सगळे कॅमेऱ्याच्या वाट्याला गेले. त्याच्यावर मी फार जळायचो.

आम्ही दोघे पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात, एकाच टेबलावर तयार झालो. माझ्या स्प्रिंगा बसवणाऱ्या बाई गाणे गुणगुणत काम करायच्या. मला वाटले, आपण दोघे भाऊच. पण बांधाबांधीची वेळ आली आणि मला फरक कळला. कॅमेऱ्याला आधी मऊ कापसात ठेवले, मग त्याच्याभोवती थर्माकोल लावले आणि खोक्यावर लाल अक्षरांत लिहिले, 'नाजूक वस्तू, जपून उचला'. मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच खोक्याच्या कोपऱ्यात दाबून बसवले. परभणीच्या स्टेशनवर खोके उतरवताना हमाल एकमेकांना म्हणत होते, "सांभाळ रे, कॅमेरा हाय आत." आत आणखी कुणी आहे, हे कुणाच्या मनातही आले नाही.

तिथून जीपने आम्ही जिंतूरच्या रस्त्याला लागलो. येलदरीचे धरण तुम्हाला ठाऊक असेल. आमचे धरण त्याच्यापुढे अगदी लहान. पूर्णेला जाऊन मिळणाऱ्या एका छोट्या नदीवर बांधलेले, मोजक्या दरवाजांचे. खालच्या अंगाला भोगलवाडी नावाचे गाव होते. तिथली माणसे धुणे धुवायला, जनावरे पाजायला, मासे धरायला नदीच्या पात्रात उतरत. दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजवून पात्र रिकामे करावे लागे. अडचण अशी, की धरणाच्या भिंतीवरून नदीचे पुढचे वळण दिसत नसे. मध्ये एक टेकाड आडवे येई. म्हणून पलीकडच्या काठावरच्या टेकडीवर उंच लोखंडी खांब रोवून त्यावर कॅमेरा बसवायचे ठरले. नदीतून तार ओढली असती तर पहिल्याच पुरात वाहून गेली असती. म्हणून हा कॅमेरा बिनतारी होता. त्याचे चित्र हवेतून इकडच्या केबिनमधल्या पडद्यावर यायचे आणि माझा हुकूम हवेतूनच तिकडे जायचा. ही गोष्ट एक्याण्णव सालची. असे काही आमच्या भागात कुणी ऐकलेही नव्हते. आमच्या कंपनीने आम्हाला वापरून बघण्यासाठी म्हणून दिले होते.

बसवण्याच्या दिवशी सगळी भोगलवाडी टेकडीवर लोटली. धरणाचे साहेब, दिनकरराव, स्वतः खांबापाशी उभे होते. खांबाला हळदकुंकू लावले, नारळ फोडला, पेढे वाटले. मी इकडे केबिनमध्ये टेबलावर एकटा. कुणीतरी माझ्या पेटीवर चहाचा गरम पेला ठेवला आणि बाहेर गंमत बघायला निघून गेले.

मग साहेब आणि मंडळी इकडे केबिनमध्ये आली आणि चाचणी झाली. कंपनीच्या मिस्त्रीने मला डावीकडे ढकलले, तर पडद्यावरचे चित्र भलतीकडेच पळाले. उजवीकडे ढकलले, तर पुन्हा उलटे. साहेब म्हणाले, "दांड्यात बिघाड दिसतोय." लगेच माझी पेटी उघडली. आत सगळे जागच्या जागी होते. शेवटी मिस्त्री होडीने पलीकडे गेला, खांबावर चढला, तेव्हा कॅमेऱ्याच्याच मोटरच्या दोन तारा उलट्या जोडल्याचे सापडले. त्या बदलल्या. आता कॅमेरा हवा तसा वळू लागला आणि केबिनमध्ये एकच गलका झाला, "वा! काय झकास फिरायलाय कॅमेरा!"

बिघडले तेव्हा माझे नाव, फिरले तेव्हा त्याचे. मित्रांनो, तुमच्या घरात दोन भावंडे असतील तर तुम्हाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्या गलक्यात एक माणूस मात्र सामील नव्हता. त्याचे नाव अप्पाराव. धरण झाल्यापासून तो दरवाजांवर कामाला होता. पाणी सोडायचे असले की तो लाल निशाण आणि शिट्टी घेऊन काठाकाठाने वळणापर्यंत चालत जाई आणि माणसांना वर काढी. भोगलवाडीची लहान मुलेसुद्धा त्याला ओळखत. सगळे पेढे खात असताना तो दारात उभा राहून म्हणाला, "लय शाना डोळा बसवलाय. आमी काय इतके दिवस डोळे झाकून हिंडत होतो का?"

सगळे पुन्हा पेढ्यांकडे वळले. मला मात्र तो माणूस फार आवडला. आम्ही दोघे एकाच गोष्टीने जळत होतो.

पुढच्याच आठवड्यात मला चालवायला सत्यशीला आली. ती जिंतूरची होती. परभणीच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचे काम शिकलेली. तिचा हात मला पहिल्या दिवशीच कळला. इतर लोक मला मुठीत धरून हिसके देत. ती फक्त अंगठा आणि दोन बोटे टेकवी. आधी सगळे पात्र लांबून बघून घ्यायचे, मग एका टोकापासून सावकाश सरकायचे, जिथे शंका येईल तिथेच थांबून बटण फिरवायचे, अशी तिची रीत. घाईने फिरवले की चित्र ओढल्यासारखे होते आणि बघूनही काही दिसत नाही, असे ती नव्या माणसांना सांगायची. रोज सकाळी ती मऊ फडक्याने माझ्या फटींतली धूळ काढी. मी सुखावून जाई. पण एक गोष्ट मला टोचत राहिली. तिची बोटे माझ्यावर असत, मन मात्र समोर पडद्यावर. माझ्याकडे बघून ती कधी काही बोलली नाही. कॅमेऱ्याशी मात्र बोलायची. "वळ रे राजा," म्हणायची. "जरा अजून. हं, शहाणा माझा!" वळवणारा मी, आणि शहाणा तो!

शाळांच्या सहली येत. मुले विचारत, "बाई, कॅमेरा कुठंय?" सगळी खिडकीशी धावत, लांबच्या त्या खांबाला बघून टाळ्या वाजवत. माझ्या पेटीवर कुणाची पाण्याची बाटली, कुणाची टोपी.

एकदा भोगलवाडीच्या बायका साहेबांकडे तक्रार घेऊन आल्या. त्यांचे म्हणणे असे, की खांबावरचा डोळा धुण्याच्या घाटाकडे बघतो, आता नदीवर अंघोळ करायचीही चोरी झाली. साहेब चुळबुळले. सत्यशीला उठून म्हणाली, "मावशी, फिरवणारी मी आहे. मीही बाईच आहे. पाणी सोडायच्या वेळी, भोंगा झाल्यावरच मी घाटाकडे बघीन. एरवी नाही. माझा शब्द आहे."

"आन् तुझ्या माघारी दुसरं कुणी फिरवलं तर?" एकीने विचारले.

"माझ्या माघारी ह्या दांड्याला कुलूप." आणि खरोखरच साहेबांनी माझ्या पेटीला झाकण आणि छोटे कुलूप करून दिले. बायकांचे समाधान झाले. मला वाटले, चला, आज माझा विषय तरी निघाला. पण बायका जाता जाता खांबाकडे बघूनच बोटे मोडत गेल्या. भीतीसुद्धा त्याचीच!

अप्पारावचे आणि सत्यशीलाचे काही जमत नव्हते. ती त्याला काका म्हणायची. तो तिला तिरकसपणे मॅडम म्हणायचा. ती पडद्यावर बघून "पात्र मोकळं आहे" म्हणाली की तो मुद्दाम निशाण घेऊन वळणापर्यंत जाऊन यायचा आणि घाम पुसत सांगायचा, "मोकळं हाय. मी बघून आलो." साहेबांनी एकदा सांगितले, "अप्पाराव, आता कशाला पायपीट करता? कॅमेरा आहे ना." त्यानंतर त्याने जाणे सोडले. केबिनच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून राहायचा. निशाण आणि शिट्टी खुंटीला. माझ्याकडे तर तो बघायचाही नाही. आम्ही एकाच दुःखातले, तरी त्याच्या लेखी मी त्या कॅमेऱ्याचाच माणूस होतो.

मग ब्याण्णवच्या पावसाळ्यातला तो दिवस आला. दोन दिवस वरच्या भागात पाऊस लागून राहिला होता. दुपारी वरून निरोप आला, मोठा लोंढा येतो आहे, तो यायच्या आत दरवाजे उघडून जागा करून ठेवा. भोंगा वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. साहेब रेनकोट घालूनच केबिनमध्ये आले. दरवाजांवरची माणसे त्यांच्या इशाऱ्याची वाट बघत होती.

सत्यशीलाने माझे कुलूप काढले. बोटे टेकवली. लांबून सगळे पात्र, मग घाट, मग वाळवंट. सावकाश, नेहमीसारखे. बाहेर वारा होता. तिकडे खांब हलत असावा, कारण ती मला क्षणाक्षणाला थोडेथोडे सावरत होती.

"मोकळं आहे?" साहेबांनी विचारले.

"मोकळं दिसतंय," ती म्हणाली. पण बोटे उचलली नाहीत.

"मग सांगू उघडायला?"

तिने मला केसभर डावीकडे नेले. पुन्हा थांबली. बटण फिरवले, अगदी शेवटपर्यंत. तिच्या अंगठ्याला घाम आला होता.

"थांबा साहेब. त्या काळ्या खडकाच्या पलीकडे काहीतरी हिरवं आहे."

"शेवाळ असेल. पावसानं चित्र आधीच खराब येतंय."

"शेवाळ नाही. हललं ते."

"सत्यशीला, लोंढा वाटेत आहे. माणूस असता तर भोंग्यानं कधीच वर आला असता."

ते चुकीचे बोलत नव्हते. दोन भोंगे ऐकून पात्रात कोण थांबेल? ती आता बोटे उचलते की काय, असे मला वाटले. ती गप्प बसली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. पण ती म्हणाली, "साहेब, मला एकदा नीट बघू द्या. अप्पाराव काका, तुम्ही या बरं इकडं. नदीतली माणसं मला ओळखू येत नाहीत, तुम्हाला येतात."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. इतक्या महिन्यांत अप्पाराव पहिल्यांदा पडद्यापाशी आला. टेबलावर वाकला. त्याचा श्वास माझ्या दांडीला लागत होता.

"अजून जवळ येतंय का ह्ये?"

"नाही काका. एवढंच."

टेबल करकरले, तो आणखी पुढे वाकला. मग तो ओरडलाच, "अरे देवा! ही तर लिंबाजीची मनकर्णा! साहेब, तिला ऐकायलाच येत न्हाई. जल्माची बहिरी हाय. भोंगा झाला की तिचा नवरा जाऊन तिला हाताला धरून आणतो. आज लिंबाजी बाजाराला गेलाय, मीच सकाळी बघितलाय त्याला!"

"दरवाजे बंदच ठेवा!" साहेब खिडकीतून ओरडले. "कुणी हात लावू नका!"

अप्पारावने खुंटीवरचे निशाण ओढून घेतले आणि तो धावत सुटला. शिट्टी तिथेच राहिली. तिचा आज उपयोग नव्हता.

वाळवंटात उतरल्यावर त्याला खडकामागचे काही दिसणार नव्हते. सत्यशीलाने एका हाताने नदीकाठच्या लाउडस्पीकरचा माईक घेतला, दुसरा माझ्यावर. "काका, डाव्या अंगानं. डावीकडं. तिथं पाणी खोल आहे, वरून या." तिचा आवाज शांत होता. पण एरवी नुसती टेकणारी तिची बोटे आज मला आवळून होती, हे फक्त मलाच कळत होते. वारा आला की चित्र सुटायचे आणि ती मला पुन्हा जागेवर आणायची. साहेब सारखे म्हणत होते, "सोडू नको तिला. सोडू नको." सगळ्यांचे डोळे पडद्यावर. तिचा सगळा भार माझ्यावर. मी हललो नाही.

"पडले काका!" ती किंचाळली. मग, "उठले. उठले, साहेब."

पुढचे साहेबांच्या तोंडूनच मला कळत गेले. मनकर्णा पाठमोरी वाकून खडकाच्या फटीत अडकलेली माशांची टोपली सोडवत होती. अप्पारावने तिच्यापुढच्या पाण्यात खडा मारला. तिने वळून बघितले. लाल निशाण बघितले. टोपली तिथेच टाकून तिने ते हिरवे लुगडे खोचले आणि त्याचा हात धरला. दोघे दरड चढून वर आले.

तेव्हा कुठे सत्यशीलाने मला सोडले. दरवाजे उघडल्याची घरघर ऐकू आली, मग पाण्याचा मोठा आवाज. ती टेबलावर डोके टेकून रडली. तिचे कपाळ माझ्या पेटीला लागले होते. तो क्षण माझा, असे मी अजून समजतो.

पण पुढे काय झाले ते ऐका. परभणीच्या एका वर्तमानपत्रात बातमी आली, 'कॅमेऱ्याने वाचवला महिलेचा जीव'. शेजारी फोटो, खांबावरच्या कॅमेऱ्याचा. अप्पारावचे नाव नव्हते, सत्यशीलाचेही नव्हते. 'कर्मचाऱ्यांनी' एवढा एक शब्द होता. माझ्यासाठी तर अर्धा शब्दही नाही. भोगलवाडीने वाजतगाजत टेकडीवर जाऊन खांबाला हार घातला. लिंबाजीने नारळ फोडला. मग तो मनकर्णाला घेऊन केबिनमध्ये आला. म्हणाला, "साहेब, हिला बघायचंय, कशानं दिसलं ते."

सत्यशीलाने पडद्याकडे बोट केले. मनकर्णाने पदर डोक्यावर घेतला आणि पडद्याला वाकून नमस्कार केला. कॅमेऱ्याला हार, पडद्याला नमस्कार! आता एकाच्या जागी दोघांवर जळायची वेळ आली माझ्यावर.

ती दोघे गेल्यावर केबिनमध्ये सत्यशीला आणि अप्पाराव उरले. त्याचा पाय मुरगळून सुजला होता. ती त्याला चहा ओतून देत म्हणाली, "काका, पेपरात तुमचं नाव यायला पाहिजे होतं."

"तुजं तरी कुठं आलं पोरी?" तो म्हणाला. 'मॅडम' म्हणणे आता गेले होते. जरा वेळाने तो हळूच म्हणाला, "मला बी शिकवती का हे फिरवायला?"

त्याचा हात माझ्यावर आला. जाड, खरखरीत, दरवाजांची चाके फिरवून घट्टे पडलेला. त्याने मला असे ढकलले, की पडद्यावर नदी-डोंगर-आभाळ सगळे गरकन फिरले. सत्यशीला खळखळून हसली. "हळू काका! हिसका नको. नुसतं टेकवायचं."

"आस्सं? म्हंजे बैलाच्या कासऱ्यावानी. वढायचं न्हाई, नुसतं धरून ऱ्हायचं."

"तसंच."

त्याने मला तसेच धरले. कॅमेरा सावकाश वळला असणार, कारण अप्पारावने स्टूल आणखी पुढे ओढले. मग म्हणाला, "वळण दिसायलाय की गं सगळं." त्या दिवसापासून त्याची जळजळ संपली. आठवड्यातून दोन दिवस तो मला चालवू लागला आणि पाणी सोडायच्या वेळी पुन्हा निशाण घेऊन काठाने जाऊ लागला. ती वरून बघायची, तो खालून. साहेबांनी तसा नियमच केला.

माझी जळजळ मात्र संपली नाही. मित्रांनो, खोटे कशाला बोलू?

त्र्याण्णवच्या आश्विनात टेकडीवर वीज पडली आणि कॅमेरा जळाला. मी धडधाकट होतो, पण फिरवायला काही उरले नव्हते. कंपनीने नवा दिला नाही. सत्यशीलाची नांदेडला बदली झाली. निघताना तिने फडक्याने माझ्या फटी पुसल्या, कुलूप मात्र लावले नाही. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर झाल्याची बातमी रेडिओवर लागली. त्याच आठवड्यात साहेबांनी केबिन आवरली आणि आम्हा दोघांना भोगलवाडीच्या शाळेला देऊन टाकले. अप्पाराव आम्हाला स्वतः सायकलवर घेऊन आला.

त्या खोक्यातल्या प्रवासानंतर कॅमेरा प्रथमच माझ्या शेजारी आला. गुरुजी त्याला मुलांना दाखवत होते. भिंग तडकलेले, टोपणात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले, एका अंगाने उन्हाने रंग उडालेला. गुरुजी म्हणाले, "तीन पावसाळे एकटा खांबावर होता बिचारा." मी विचारात पडलो. त्याने सगळी नदी बघितली होती, खरे. पण त्या खांबावर त्याला कुणाचा हात लागला होता? सत्यशीलाचे "शहाणा माझा" तरी त्याला कुठे ऐकू गेले होते? ते ऐकले मीच.

गुरुजींनी कॅमेरा काचेच्या कपाटात ठेवला, 'धरणावरचा कॅमेरा' अशी चिठ्ठी लावली आणि कपाटाला कुलूप घातले. माझ्यासाठी चिठ्ठी उरली नाही. मला बाहेर खिडकीतल्या कट्ट्यावर ठेवले. मधल्या सुटीत मुले येतात. कुणी माझी दांडी धरून विमान चालवते, कुणी एसटी. "ए, आता माझी पाळी!" म्हणून भांडतात.

मित्रांनो, एकच सांगणे आहे. कुणाचे कौतुक चालले असेल तेव्हा त्या खोलीत आणखी कोण आहे, तेही बघत जा. आणि माझ्याशी खेळताना जरा हळू. आतल्या स्प्रिंगा जुन्या आहेत. हिसका नको, नुसती बोटे टेकवा. मी लगेच वळतो.

समोरच्या काचेआडून कॅमेरा दिवसभर आमचा खेळ बघत असतो. बघू दे. आयुष्यभर त्याने तेच काम केले आहे.